मांडवीत, उत्तर खिशात घेऊन

सप्टेंबर १८९६. मुंबईतली मांडवी. पाऊस ओसरत आलाय, पण गल्लीतला चिखल अजून सुकलेला नाही आणि तुम्ही त्यात घोट्यापर्यंत उभे आहात. एका हाताला धान्याच्या वखारी, दुसऱ्या हाताला चाळी, मधून बैलगाडी जेमतेम निघेल एवढी वाट. बंदरावर उतरलेली पोती हमाल पाठीवर घेतात, लोखंडी आकडा रुतवतात आणि वाकून अंधारात शिरतात. ओल्या तागाचा वास येतो, जुन्या गव्हाचा येतो, आणि त्या दोन्हींच्या खालून तिसरा एक, गोडूस, कुजका.

"उंदीर पडल्यात," साताऱ्याकडचा एक हमाल घाम पुसत सांगतो. "पंधरा दीस झालं. रोज टोपलीभर काढतोय."

तुम्ही खाली बघता. वखारीच्या जोत्याशी एक फुगून पडलाय. दुसरा अजून जिवंत आहे. भर उजेडात, माणसांच्या पायांमधून, दारू प्यायल्यासारखा झुलत चाललाय. स्वतःभोवती एक गिरकी घेतो, कलंडतो, पाय झाडतो, थांबतो. तुम्ही दोन पावलं मागे सरता. हमाल सरत नाही. शेपटीला धरून तो उचलतो आणि टोपलीत टाकतो. अंग अजून गरम असेल.

ओरडावंसं वाटतं ना? साहजिक आहे. या गल्लीत, या शहरात, या घटकेला अख्ख्या जगात कोणाला माहीत नसलेली गोष्ट तुम्हाला माहीत आहे, आणि ती एका वाक्यात मावते: प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. शाळेच्या पुस्तकात होतं, एका मार्काला यायचं. उंदीर मेला, त्याचं अंग गार पडायला लागलं की पिसवा त्याला सोडून नवं ऊबदार अंग शोधतात. दिवसभर पडून असलेल्या उंदरापेक्षा आत्ता या क्षणी मेलेला घातक, तो याच कारणाने.

मग सांगा की त्याला.

"पिसवा?" तो हसतो. "पिसवा कुठं न्हाईत, सायेब? आमच्या गावाकडं बी हैत. आज्याला जलमभर चावल्या. त्यो काय गाठ येऊन मेला न्हाई."

आता बोला. त्याचा मुद्दा अडाण्याचा नाही, बिनतोड आहे. पिसवा सगळीकडे आहेत आणि रोग मात्र मांडवीत आहे. मग पिसू कारण कशी? उत्तर देता येईल, पण त्यासाठी पिसवेच्या पोटात काय असतं ते त्याला दाखवावं लागेल. तुमच्याकडे सूक्ष्मदर्शक नाही. असता तरी काय शोधायचं, कसं रंगवायचं, हे तुम्हाला येतं का? तुम्ही ते वाक्य पाठ केलंय. ते सिद्ध कोणी केलं, कधी, कशावरून, हे कधी विचारलंच नव्हतं. माझंही तेच होतं, आणि हा विषय वाचायला घेतल्यावर पहिला धक्का बसला तो इथेच.

याच वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस दवाखाना चालवतात. गोव्याचे, मुंबई नगरपालिकेचे सभासद. ताप, ग्लानी, जांघेत अंड्याएवढी गाठ, आणि दोन-चार दिवसांत माणूस जातो. व्हिएगसांनी याच महिन्यात त्याला नाव दिलं: प्लेग. ते उघड म्हणायला धाडस लागत होतं, कारण प्लेग म्हटलं की परदेशी बंदरं मुंबईच्या जहाजांना दारं लावणार आणि शेटजींचा व्यापार बसणार. दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला अलेक्झांडर येरसँने या रोगाचा जंतू शोधलेला आहे. मेलेले उंदीर त्यानेही पाहिले होते. म्हणजे रोगाचं नाव ठाऊक, जंतू ठाऊक, उंदीर ठाऊक. एवढं हाताशी असल्यावर माणसाला वाटणारच, आता उरलं काय!

उरला होता उंदीर आणि माणूस यांच्यामधला वीतभर अंतराचा प्रवास.

ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून आलेला एखादा तरुण डॉक्टर गाठा. तो तुमचं ऐकून घेईल, इंग्रजी पुस्तकं वाचलेला आहे. पण तोही प्रश्न विचारील. "अहो, उंदरावरची पिसू आणि माणसाला चावणारी पिसू एकच का?" माहीत नाही. "चावली तर जंतू आत जातो कसा?" माहीत नाही. "किड्याच्या चाव्यानं माणसाला ताप येतो, असं एक तरी उदाहरण दाखवा." इथे तुम्ही मलेरिया म्हणायला तोंड उघडता आणि मिटता. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसायला ऑगस्ट १८९७ उजाडायचं आहे.

तो डॉक्टर मग त्याची समजूत सांगतो, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. विष जमिनीत आहे, तो म्हणतो. साठलेल्या घाणीत, गटारात, ओलीत. उंदीर आधी का मरतात? त्यांचं नाक जमिनीला लागलेलं असतं म्हणून. माणसाला गाठ बहुतेक वेळा जांघेतच का येते? गरीब माणूस अनवाणी चालतो, पायाच्या भेगांतून जंतू शिरतो आणि वर चढून पहिल्या गाठीत अडकतो म्हणून. बूट घालणाऱ्या साहेबांना रोग कमी का? ते बूट घालतात म्हणून!

एकही निरीक्षण खोटं नाही. गाठ खरंच जांघेत जास्त येते. तुम्हाला माहीत असलेलं कारण वेगळं आहे: पिसू जमिनीवरून जेमतेम चार इंच उडी मारते, तेव्हा ती पायालाच चावणार. पुरावा तोच, अर्थ दोन, आणि त्या दिवशी त्या खोलीत तुमच्या अर्थापेक्षा त्याचा अर्थ जास्त पटण्यासारखा आहे. मी तिथे असतो तर त्याच्याच बाजूने मत दिलं असतं, आणि तुम्हीही.

या समजुतीवर सगळं शहर कामाला लागतं. पुढच्या महिन्यांत गल्ल्यांतून बंब फिरतात, गटारांतून पाण्याचे लोट सोडले जातात, भिंतींना चुना लागतो, कार्बोलिक ॲसिडच्या वासाने डोळे चुरचुरतात. ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं उतरवतात. राहायला नालायक ठरलेल्या घरांवर यू. एच. एच. अशी अक्षरं रंगवतात. चाळीतल्या बाईला ती वाचता येत नाहीत, पण अर्थ कळतो: चूल उचला. गटारात पाणी घुसलं की गटारातला उंदीर कुठे जाईल, हा प्रश्न त्या समजुतीत बसतच नव्हता. तो घरात जातो, पिसवांसकट.

आणि रोग्यांना घरातून काढून इस्पितळात नेतात. लोकांनी याचा धसका घेतला. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आत गेलेला बाहेर येत नाही, हे त्यांनी पाहिलेलं होतं. पण आणखी एक गोष्ट हळूहळू सगळ्यांच्या नजरेत भरत होती, आणि तिचं काय करायचं ते कोणालाच उमगत नव्हतं. प्लेगच्या इस्पितळात रोग्याचं अंग पुसणाऱ्या, पू काढणाऱ्या परिचारकांना रोग क्वचितच होत होता. जिथे सगळ्यात जास्त प्लेग, तिथे तो लागत नाही! ते का, हे तुम्हाला कळतं. स्वच्छ फरशी, उंदीर नाहीत, पिसवा नाहीत. रोगी माणूस, छातीत प्लेग उतरलेला नसेल तर, दुसऱ्या माणसाला जवळजवळ निरुपद्रवी. म्हणजे घरोघरी शिरून रोगी ओढून नेण्याचा सगळा खटाटोप भलत्याच दिशेने चाललेला होता.

पुण्यात याचं पुढे काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, रँडच्या हाताखाली गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरले, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या सुटल्या. त्याआधीच, १० मार्चला, रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या होत्या. रँडच्या उद्दामपणाला अज्ञानाची सबब चालणार नाही. पण सौजन्याने वागला असता तरी तो चुकीचीच गोष्ट शोधत असता, हेही खरं.

साथीच्या त्या पहिल्याच हिवाळ्यात मुंबईतून निम्म्याच्या आसपास माणसं पळून गेली. गावठी शहाणपण हेच सांगत होतं: उंदीर पडले की घर सोडा, माळावर झोपडी घाला. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरात ही रीत जुनीच होती. पिसवेचं नाव न घेता पिसवेपासून दूर जाण्याचा हा उपाय, आणि त्या घडीला सगळ्यात चांगला. तोटा एवढाच, की काही जणांच्या वळकटीतून पिसवाही गावी पोचल्या.

आता भायखळ्याला चला, ग्रँट मेडिकल कॉलेजात. एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या संसारावर वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस करतोय. रशियातून आलेला ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला, ऑक्टोबरात कलकत्त्याहून इकडे धाडलेला. चंबू जवळून बघा. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगतायत. होय, तूपच. प्लेगचा जंतू त्या थेंबाच्या खालच्या अंगाला चिकटतो आणि तिथून पांढरट धाग्यांसारखा खाली लोंबत वाढतो. चंबू हलला तर धागे तुटून तळाशी बसतात, म्हणून कोणी दार आपटायचं नाही. मुद्दाम हलवून ते पाडायचे, की थेंबाखाली नवे धागे. भरपूर वाढ झाली की तापवून सगळे जंतू मारायचे आणि तेच टोचायचं. १० जानेवारी १८९७ला हाफकिनने पहिली मात्रा स्वतःलाच टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचलं. त्यांच्यात रोग उरलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसला.

जंतू माणसात कसा शिरतो हे हाफकिनलाही ठाऊक नव्हतं. मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सगळ्यात जास्त चक्रावून टाकते. पुरेपूर विचार करून, पुस्तकांच्या आधाराने केलेल्या गटारसफाईने घात केला असावा, आणि निम्मंच कोडं सुटलेलं असताना तुपाच्या थेंबाखाली वाढवलेल्या लशीने माणसं वाचवली.

पुढचा मुक्काम कराची, २ जून १८९८. तेव्हा हे शहर मुंबई इलाख्यातच होतं. रेनॉल्ड्स हॉटेलच्या आवारात पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर एका मोठ्या काचेच्या बरणीवर वाकलाय. काही रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायावर, बारीकसा फोड असतो हे त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि त्या फोडातल्या पाण्यात प्लेगचे जंतू सापडले होते. हे कशाच्या तरी चाव्याचं ठिकाण असणार, असं त्याने ताडलं. मग प्लेगच्या घरातला एक आजारी उंदीर आणून बरणीत ठेवला. त्याच्या अंगावरच्या पिसवा कमी पडतील म्हणून हॉटेलच्या आसपास फिरणाऱ्या मांजरीच्या अंगावरच्या काही काढून त्यात सोडल्या. आजारी उंदीर शेवटच्या घटका मोजायला लागला, तसा जाळीच्या लहान पिंजऱ्यात घालून एक धडधाकट उंदीर वरून आत टांगला. दोघांचं अंग एकमेकांना लागत नव्हतं, जमीनही सामाईक नव्हती. जाळीतून वर जाऊ शकत होती ती उडी मारणारी पिसू तेवढी.

पहिला उंदीर मेला. दुसरा चार दिवस ठीक होता. पाचव्या दिवशी त्याला हलता येईना, सहाव्या दिवशी मेला. चिरून पाहिला, तर गाठी सुजलेल्या आणि रक्तात जंतूच जंतू. पिसवा नसलेले उंदीर आजाऱ्याशेजारी ठेवले, तेव्हा काहीही झालं नाही.

सुटलं कोडं, असं म्हणून टाळी वाजवाल तर थांबा. सिमाँने त्याच वर्षी हे छापलं. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने त्याची बाजू पाहिली आणि बाजूला सारली. इतर शास्त्रज्ञांना तो प्रयोग जमेना. युरोपातल्या एकाने तर उंदराची पिसू माणसाला चावतच नाही असं सांगितलं, आणि त्याच्याकडच्या पिसवांपुरतं ते बरोबरही असेल. कारण पिसू ही एक चीज नव्हे, जाती अनेक. त्यातली प्लेगवाली वेगळी काढायला प्लेगशी काही देणंघेणं नसलेला माणूस लागला: चार्ल्स रॉथशिल्ड, पेढीवाल्या रॉथशिल्डांपैकी, छंद पिसवा गोळा करण्याचा. त्याने १९०३ मध्ये सुदानातल्या एका पिसवेचं वर्णन छापलं आणि इजिप्तच्या पिरॅमिडवाल्या राजावरून तिला नाव दिलं, किओपिस. आज ती झेनोप्सिला किओपिस म्हणून ओळखली जाते. मांडवीत तुम्हाला तरुण डॉक्टरने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. विचारल्यावर सात वर्षांनी आलेलं.

नंतरचा मुक्काम परळ. जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा आहे. १९२५ पासून तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट. इथला लिस्टन नावाचा डॉक्टर उंदीर पडलेल्या चाळींत गिनीपिग सोडतो. उपाशी पिसवा त्यांच्यावर चढतात, तो त्या मोजतो, ओळखतो, तपासतो. १९०५ पासून नवं कमिशन याच आवारात कौलारू खोपटी बांधतं आणि त्यांत गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगतं. जमिनीपासून दोन इंचांवरचं जनावर प्लेगने मरतं, दोन फुटांवरचं जगतं. हवा दोघांना तीच होती. पिसवा नसल्या तर आजारी जनावरासोबत एका पिंजऱ्यात राहणारं, त्याच्याच भांड्यात खाणारंही धडधाकट. एवढं झाल्यावर मग सगळ्यांना पटलं. पिसू जंतू आत सोडते कशी, हे तरीही कोणाला सांगता येत नव्हतं. ते १९१४ मध्ये लंडनला बॅकट आणि मार्टिन यांनी दाखवलं: जंतू वाढून पिसवेच्या घशात बोळा बसतो, रक्त पोटात उतरत नाही, भुकेने वेडी झालेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि अडकलेलं जंतूंसकट ओकते. तोवर हिंदुस्थानात लाखो माणसं गेली होती. पुढच्या काही दशकांत आकडा एक कोटीच्या वर गेला.

आता खिशातलं ते एका मार्काचं वाक्य पुन्हा काढून बघा, कारण तेही मांडवीत वाटलं होतं तेवढं पक्कं नाही. चौदाव्या शतकात युरोप उजाड करणारा प्लेग इतक्या वेगाने कसा पसरला, याचा हिशोब नुसत्या उंदीर-पिसवांवर नीट बसत नाही. २०१८ मध्ये ऑस्लोच्या संशोधकांनी गणित मांडून पाहिलं, तेव्हा माणसाच्या अंगावरच्या पिसवा आणि उवा त्या आकड्यांशी जास्त जुळल्या. आणि दोन साथींच्या मधल्या वर्षांत हा जंतू राहतो कुठे, यावर अजून खल चालू आहे. एक शंका पुन्हा जमिनीवर येते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनजवळ प्लेगने एक प्यूमा मेला, आणि त्याचं रक्त सांडलेल्या मातीत तीन आठवड्यांनंतरही जिवंत जंतू मिळाले. त्या मातीतून कोणाला रोग लागतो असं त्यावरून सिद्ध होत नाही. तरी पण त्या तरुण डॉक्टरला हे कळलं असतं, तर तो तुमच्याकडे कसा बघून हसला असता!

पुन्हा कधी मांडवीला जायचं ठरवलंत तर उत्तर घेऊन जाऊ नका, तिथे ते कोणी विकत घेणार नाही. एक काचेची बरणी, जाळीचा पिंजरा आणि दोन उंदीर न्या, आणि परळपर्यंत नऊ-दहा वर्षं थांबायची तयारी ठेवा.